राक्षसीचे प्रेम आणि माणसाची अट
भीमाशंकर परिसरातील एका कथाविषयाचा विचार

प्रस्तुत निबंधाचा विषय इतिहास-विभागाच्या पत्रिकेस शोभणारा आहे किंवा नाही, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विषयाचे निमित्त अगदी अर्वाचीन आहे. संगणकाच्या पडद्यावर वाचावयाचा ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाचा एक वाङ्मयप्रकार गेल्या चार दशकांत जपानमध्ये वाढला आणि तेथून जगभर पसरला. चित्र, संवाद आणि कथेच्या ठराविक वळणावर वाचकाने करावयाची निवड, ही त्याची तीन अंगे होत. १९८३ साली निघालेला ‘पोर्टोपिया’ हा गुन्हेशोधाचा खेळ या प्रकाराचा एक पूर्वज मानला जातो. १९९४ च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ने प्रणयाराधन हाच खेळाचा विषय केला, आणि १९९६ साली ‘शिझुकु’ या कृतीपासून एका प्रकाशनसंस्थेने आपल्या मालेस ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव दिले. दुसरीकडे १९५४ च्या ‘गोजिरा’ या चित्रपटापासून नगरे तुडविणारा महाकाय प्राणी जपानी लोककल्पनेत स्थिर झाला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून अशा प्रेमकथा जन्मास आल्या की ज्यांतील प्रेयसी ही मानवी कन्या नसून डोंगराएवढी, अक्राळविक्राळ, परंतु प्रेमास उत्सुक अशी राक्षसकन्या असते. २०२२ साली निघालेल्या ‘काईचू’ या खेळात तर खेळणाराच महाकाय प्राण्याची भूमिका घेऊन आपल्यासारखाच जोडीदार शोधतो.

हे सर्व परदेशी वेड आहे, असे म्हणून आपल्याला ते बाजूस सारता येईल. परंतु तसे करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. मनुष्यावर अनुरक्त झालेली महाकाय स्त्री ही कल्पना आपल्या परंपरेत नाही काय? ती आहेच, इतकेच नव्हे, तर तिच्या तीन प्रमुख कथांपैकी दोन सह्याद्री आणि गोदावरी यांच्या परिसरातच घडल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. या कथांतील प्रेमाकडे आजवर रसिकांनी अद्भुत म्हणून आणि धार्मिकांनी पुराण म्हणून पाहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांत काय पाहावे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या कथांत राक्षसीच्या प्रेमापेक्षा मनुष्याने त्या प्रेमास घातलेल्या अटी अधिक बोलक्या आहेत. आणि त्या अटींतच वसलेल्या समाजाचे अरण्याशी असलेले नाते नोंदले गेले आहे.

विचारास आरंभ घोडेगावापासून करणे सोयीचे आहे. घोड नदीच्या काठचे हे गाव आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास आहे, ते जुने गाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. नाव तेवढे राहिले. घोडेगावाच्या पूर्वेस मंचरकडील बागायती देश आहे, तर पश्चिमेस डोंगर, भातखाचरे आणि दाट रान यांचा प्रदेश सुरू होतो. तेथे महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही याच कारणाने घोडेगावी आहे. हाच रस्ता पुढे डिंभ्यावरून भीमाशंकरास जातो. नांगर आणि अरण्य यांच्या उंबरठ्यावर वसलेले असे हे गाव आहे. राक्षसांच्या कथा नेहमी अशाच उंबरठ्यावर घडतात. भर वस्तीत राक्षस राहत नाही, आणि ज्या निबिड रानात माणूस कधीच जात नाही तेथील राक्षसाची कथा सांगावयास कोणी उरत नाही.

भीमाशंकराच्या उत्पत्तीची कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आली आहे. सामान्यतः ती भीम नावाच्या असुराच्या वधाची कथा म्हणून सांगतात. परंतु तिच्या मुळाशी एक स्त्री आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कर्कटी हे तिचे नाव. सह्य पर्वतावर राहणारी ही राक्षसी विराधाची पत्नी होती. रामाने विराधाला मारल्यावर ती आईबापांच्या आश्रयास आली. ती मातापितरे सुतीक्ष्ण मुनीस भक्ष्य करावयास गेली असता त्याच्या कोपाने भस्म झाली. पुढे कुंभकर्ण या पर्वतावर आला, त्याने तिच्यावर बळजबरी केली आणि तो लंकेस निघून गेला; तेथे तोही रामाच्या हातून मेला. आपला पिता कोण आणि आपण असे एकटे का, हे मुलाने विचारले तेव्हा कर्कटीने त्याला ही हकिकत सांगितली. आपण लंका कधी पाहिलीही नाही, असे ती त्या वेळी म्हणते. पुढे भीमाने तप केले, ब्रह्मदेवाचा वर मिळविला, देवांना व राजांना जिंकले, आणि अखेर शंकराने त्याला भस्म केले.

या कथेच्या भूगोलासंबंधी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. पुराणातील भीमाचा अखेरचा संग्राम कामरूप देशात घडतो आणि त्या आधारे आसामातील एक स्थानही भीमाशंकराच्या नावावर हक्क सांगते. ज्योतिर्लिंगांच्या प्रसिद्ध स्तोत्रात मात्र या लिंगाचे स्थान ‘डाकिनी’ असे दिले आहे. सह्याद्रीतील क्षेत्राच्या माहात्म्यात या नावाची उपपत्ती अशी सांगतात की, त्रिपुरासुराचा वध झाल्यावर डाकिनी आणि शाकिनी या त्याच्या स्त्रियांनी, आता आमचे कसे व्हावे, असा प्रश्न केला आणि त्यांची नावे स्थानाशी जोडली जावीत असा प्रसाद त्यांना मिळाला. खरे स्थान कोणते, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की, दोन्ही कथांत वध पुरुषाचा होतो आणि मागे राक्षसी उरते. कर्कटीला कोणी विचारले नाही. डाकिनी-शाकिनींना उत्तर मिळाले, पण ते प्रश्न संपल्यानंतर. प्रेमाची गोष्ट येथे नाही. पुढील दोन कथांची किंमत समजण्यासाठी मात्र ती जेथे नाही ते स्थळ आधी पाहिले पाहिजे.

जुन्नरच्या उत्तरेस, सह्याद्रीच्याच पूर्व उतारावर गोदावरीकाठी नाशिक आहे. तेथील पंचवटीत शूर्पणखेची कथा घडली, असे परंपरा मानते, आणि नाशिक हे नावही तिच्या कापलेल्या नाकावरून आले अशी लोकव्युत्पत्ती आहे. वाल्मीकीच्या अरण्यकांडातील हा प्रसंग मुळातून वाचण्यासारखा आहे. शूर्पणखा रामापुढे येते ती आपल्या मूळ रूपात. सुंदरीचा वेष तिला दिला तो पुढील काळातील कवींनी. वाल्मीकीने तिचे मोठे उदर, विद्रूप नेत्र आणि कर्कश स्वर यांच्यासमोर रामाचे एकेक लक्षण ठेवून विरोध उभा केला आहे. ती आपली ओळख लपवीत नाही, हेतूही लपवीत नाही. तिच्या मागणीस राम स्पष्ट नकार देऊ शकला असता. तो विवाहित होता आणि त्याचा नकार धर्मास धरूनच झाला असता. परंतु नकाराऐवजी थट्टा होते. तिला लक्ष्मणाकडे पाठविण्यात येते आणि लक्ष्मण तिला पुन्हा रामाकडे पाठवितो. थट्टेचा अर्थ लक्षात न आल्याने ती सीतेवर धावून जाते आणि मग तिचे नाककान कापले जातात. सीतेवर चालून जाण्याचे समर्थन करता येणार नाही. तथापि थट्टा आधी आणि आक्रमण नंतर, हा कवीने दिलेला क्रम टीकाकारांनी विसरू नये.

तिसरी कथा हिडिंबेची. ती सह्याद्रीतील नव्हे. महाभारतात ती लाक्षागृहातून निसटलेल्या पांडवांच्या वनवाटेवर, गंगेपलीकडील अरण्यात घडते. मराठीत ही कथा मुक्तेश्वराच्या आदिपर्वाने सतराव्या शतकात ओवीतून आणली आणि मोरोपंतांच्या आर्याभारताने पुढील शतकात ती पुन्हा सांगितली, म्हणून आपल्या वाचकाला ती घरची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादिलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पूर्ण झाली. तिच्यामुळे या प्रसंगाचे जुने रूप तपासणेही शक्य झाले आहे.

भावाने भक्ष्य आणावयास धाडलेली हिडिंबा जागत बसलेल्या भीमाला पाहते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. इच्छेस येईल ते रूप घेण्याची शक्ती तिच्या ठायी आहे; म्हणून ती मानवी स्त्रीचे उत्तम रूप घेऊन पुढे येते. येथेच शूर्पणखेशी तिचा पहिला भेद पडतो. परंतु ती फसवीत नाही. आपण राक्षसी आहोत, भावाने तुम्हाला मारण्यास पाठविले आहे, हे ती पहिल्याच भेटीत सांगून टाकते. भीम भावाला ठार मारतो आणि त्यानंतर राक्षस वैर विसरत नाहीत असे म्हणून तिलाही त्याच वाटेने धाडावयास निघतो. युधिष्ठिर त्याला आवरतो. तेव्हा हिडिंबा कुंतीपुढे उभी राहते. कामाने होणारी व्यथा स्त्रिया जाणतात, मी माझे सुहृद, माझा धर्म आणि माझे स्वजन सोडून तुझ्या पुत्राला वरले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. एका राक्षसीने एका मनुष्यमातेस स्त्री म्हणून केलेले हे आवाहन आहे आणि त्यामुळेच या कथेला वळण मिळते.

परंतु संमती अटींसह मिळते. युधिष्ठिर सांगतो की, दिवसा तू भीमासह यथेच्छ विहार कर, मात्र रात्र होण्यापूर्वी त्याला परत आणून पोचवीत जा. प्रचलित पाठात भीमही आपली अट घालतो, ती पुत्रजन्मापर्यंतच्या सहवासाची. हिडिंबा दोन्ही मान्य करते. ती त्याला उचलून आकाशमार्गाने पर्वतशिखरांवर, सरोवरांकाठी, रम्य वनांत नेते. पुढे घटोत्कच जन्मतो आणि राक्षसांच्या रीतीने तत्काळ प्रौढ होतो. तेव्हा सहवासाचा ठरलेला काळ सरला, असे हिडिंबा स्वतःच म्हणते आणि निघून जाते. तिच्या तोंडी तक्रारीचा शब्द महाभारताने घातलेला नाही. अट तिने घातलेली नव्हती, पण ती पाळली तिनेच.

या तीन कथा शेजारी ठेवल्या असता राक्षसीच्या स्वीकाराचे नियम स्पष्ट होतात. पहिला नियम रूपाचा: तिने आपला विशाल देह टाकून माणसाएवढे झाले पाहिजे. दुसरा निष्ठेचा: तिने स्वजनांचा पक्ष सोडला पाहिजे. तिसरा काळाचा: दिवस तिचा, रात्र कुटुंबाची, आणि दिवसही मोजके. चौथा नियम उघड बोलला जात नाही, पण तो सर्वांत कठोर आहे: तिने दिलेले उपयोगी पडावे. शूर्पणखेने यांपैकी एकही नियम पाळला नाही. हिडिंबेने चारही पाळले. तरीही हिडिंबेस गृहप्रवेश मिळाला नाही.

चौथ्या नियमाचा पुरावा पुत्राच्या चरित्रात आहे. पाचही पांडवांचा तू ज्येष्ठ पुत्र आहेस, असे कुंतीने घटोत्कचास जन्मतःच म्हटले होते. वनवासात थकलेल्या पांडवांना त्याने आणि त्याच्या राक्षसांनी खांद्यावरून वाहून नेले. पुढे द्रोणपर्वातील रात्रियुद्धात कर्णाची अमोघ शक्ती त्याच्यावर खर्ची पडली. मरता मरता त्याने आपला देह वाढविला आणि पडताना शत्रूचे सैन्य चिरडले, म्हणजे मातेने जे विशालपण आवरून धरले होते ते पुत्राने मृत्यूच्या क्षणी पितृकुलाच्या कामी लावले. पांडव शोक करीत असता कृष्ण मात्र आनंदित होतो, कारण अर्जुनासाठी राखलेली शक्ती संपली. आणि हा यज्ञद्वेष्टा राक्षस कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता, असेही तो बोलून जातो. ज्येष्ठ पुत्र आणि वध्य राक्षस ही दोन्ही विशेषणे एकाच व्यक्तीस एकाच घराने लावली.

कथेतील हा सल प्राचीनांनाही जाणवला असावा. त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून जी नाटके भासाची म्हणून प्रसिद्ध केली, त्यांत ‘मध्यमव्यायोग’ हे एकांकी रूपक आहे. कर्तृत्वाचा वाद बाजूस ठेवला तरी त्याचे कथानक आमच्या विषयास अतिशय उपकारक आहे. उपवासाच्या पारण्यासाठी मनुष्य आण, अशी आज्ञा हिडिंबा पुत्राला करते. घटोत्कच एका ब्राह्मण कुटुंबास गाठतो. मधला मुलगा जाण्यास सिद्ध होतो. पाणी पिण्यास गेलेल्या त्या मुलाला ‘मध्यम’ म्हणून हाक मारली असता मध्यम पांडव भीमच ओ देतो आणि त्या मुलाच्या जागी चालू लागतो. हिडिंबा पतीला ओळखते आणि हा सारा खटाटोप त्याच्या भेटीसाठीच होता असे उघड होते. महाभारताने जिला निमूट जावयास लावले, तिला नाटककाराने परत बोलावण्याची युक्ती सुचविली. भक्ष्याची मागणी हेच विरहिणीचे निमंत्रण ठरले! मात्र हेही मीलन भेटीपुरतेच आहे.

मग राक्षसी आणि मनुष्य, किंवा असुर आणि देवी, यांचे कायमचे नाते परंपरेने कोठेच मान्य केले नाही काय? केले आहे, पण ते ग्रंथांत नव्हे, क्षेत्रांत. याच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांचे लग्न दरवर्षी माघात मोठ्या यात्रेने लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात म्हसोबा आणि जोगूबाई यांच्या विवाहाचा विचार केला आहे. एके ठिकाणी महिषासुराला तुडविणारी देवी दुसऱ्या ठिकाणी त्याच महिषदेवाची पत्नी होते, या विरोधाचा उलगडा त्यांनी लोकसमूहांच्या मीलनातून केला: दोन समूह एकत्र आले तेथे त्यांच्या दैवतांचे लग्न लागले, संघर्ष राहिला तेथे वध झाला. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील १९७६ च्या ग्रंथात या दैवतांचा धनगरांच्या जीवनाशी असलेला संबंध विस्ताराने दाखविला. स्वतः हिडिंबेचे उदाहरणही असेच आहे. हिमाचलातील मनाली येथे १५५३ साली राजा बहादुरसिंगाने बांधलेले तिचे लाकडी मंदिर आजही उभे आहे. कुल्लूचे राजघराणे तिला आजी मानते आणि तिच्या आगमनावाचून तेथील दसऱ्यास आरंभ होत नाही. कुरुकुलाने जिला रात्रीपुरतेही घरात ठेवले नाही, तिला पहाडी राजकुलाने घरातील वडीलधारी केले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. राक्षस म्हणजे अरण्यवासी जमाती, हे समीकरण आपल्या अभ्यासात फार सहज मांडले जाते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनाच्या दहनातून अरण्य तोडून वसती करणाऱ्या समाजाची क्रूरता वाचली, ती वाचकास अंतर्मुख करणारी आहे. परंतु तेथून एक पाऊल पुढे टाकून, अमुक राक्षसी म्हणजे आजची अमुक जमात, असे म्हणणे हा प्रमाणाचा आणि न्यायाचाही भंग होय. घोडेगावाच्या पश्चिमेकडील खेड्यांतून येणारे विद्यार्थी आज आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्या पूर्वजांना पुराणातील नरभक्षकांच्या जागी बसविण्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाने आपल्याला दिलेला नाही. कर्कटीच्या कथेत सह्याद्रीतील लोकांचे वर्णन नाही. त्या कथेत आहे ते सह्याद्रीकडे दुरून पाहणाऱ्या कथाकाराचे भय. राक्षसीची उंची हे त्या भयाचे माप आहे. मनुष्यवर्णन म्हणून ती उंची वाचणे म्हणजे सावलीवरून झाडाची जात ठरविणे होय.

स्थलनामांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांच्या एका गटास भीमाशंकर गट म्हणतात आणि दुसऱ्यास भूतलिंग गट. पहिल्या गटात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. १२४ च्या सुमाराचा, दानलेख आहे. दुसऱ्यातील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लक्ष्मी कोरलेली आहे. दात्यांची आणि भिक्षूंची स्मृती पुसल्यावर लोकांनी ही कामे भीमाच्या आणि भुतांच्या नावावर टाकली. कर्ता विसरला की त्याच्या जागी महाकाय येतो, हा लोकस्मृतीचा नियमच दिसतो.

आता आरंभी उल्लेखिलेल्या अर्वाचीन प्रकाराकडे पुन्हा वळू. त्याची नवलाई महाकाय प्रेयसीत नाही. ती आपल्याला किमान दोन हजार वर्षे परिचित आहे. जपानातही क्रौंचपत्नीसारख्या विजातीय विवाहाच्या कथा जुन्याच आहेत, आणि त्यांतही पत्नीचे मूळ रूप दिसताच तिला जावे लागते. नवे आहे ते एवढेच की, येथे वळणावळणावर वाचकाला निवड करावी लागते, आणि प्रेयसीने माणसाएवढे होण्याची अट पुष्कळदा गळून पडलेली असते. ती डोंगराएवढी राहूनच प्रेम मागते; तिच्याशी बोलावयाचे तर मान वर करून बोलावे लागते. हिडिंबेच्या कथेत निवडीचे असे क्षण होते: भीमाने शस्त्र उगारले तो, कुंतीने ऐकून घेतले तो, युधिष्ठिराने दिवस आणि रात्र वाटून दिली तो, आणि काळ सरल्यावर कोणीही ‘थांब’ म्हटले नाही तो. पहिल्या तिन्ही क्षणी पांडवांनी काही ना काही केले. चौथ्या क्षणी ते गप्प राहिले, आणि कथेचा शेवट त्या गप्प राहण्याने ठरला.

भीमाशंकरास जाणारा यात्रेकरू घोडेगावावरून पुढे जातो तेव्हा तो शंकराच्या दर्शनास जात असतो. परंतु देवाच्या नावात ज्याचा वध झाला त्या भीमाचे नाव आधी येते. पुत्राचे नाव असे देवळावर राहिले, मातेचे मात्र पोथीतच राहिले. या परिसरात कर्कटीची, डाकिनी-शाकिनींची आणि हिडिंबेची कथा आज कोण, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या शब्दांत सांगतो, हे सांगणाऱ्यांच्याच मुखाने टिपून ठेवणे हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ते करताना राक्षसी केवढी होती, हे विचारण्याआधी तिला काय अट घातली गेली, हे विचारावे. इतिहास त्या उत्तरात सापडण्याचा संभव अधिक आहे.